चौथं नोझल

आषाढातली उघडीप. किमान चार तास हवी,
असं डब्यावर लिहिलंय, त्रिकोणाच्या खाली,
बारीक अक्षरांत. चष्मा घरी राहिला.
दुकानात उल्हासने तोंडी सांगितलं ते धरून
दोनशे लिटरच्या टाकीत मापाने ओतलं,
काठीने ढवळलं.
ती काठी नंतर कुठे टाकावी, सुचेना.

आधी मी खाणीवर टिपर चालवायचो.
दहा टन माल, पिळगावचा रस्ता, आरशात लाल धूळ.
खाण बंद झाली, टिपर विकला, त्यातून हा आला:
अठरा घोड्यांचा, बुटका,
दोन माडांच्या मधून जातो.
पहिल्या दिवशी कायतान मेरेवरून ओरडला होता,
"फेस्तातून आणलास काय रे?"

मागे सहा नोझलं, पाण्याचे सहा पंखे.
पुढे जायचं आणि बघायचं मागे. मान धरते.
रानमोडी, लाजरी, हरळी, टाकळा.
एक-चौदाच्या उताऱ्यावर आता माझं नाव आहे,
बापाच्या वेळी भाटकाराचं होतं.
तण दोघांच्याही नावावर उगवलं.

कायतानच्या मिरच्या पश्चिमेला.
वारा तिकडे वळला तसा पंप बंद केला, थांबलो.
विडी सोडून सहा वर्षं झाली. नुसता थांबलो.
चाकाशेजारची लाजरी मिटली होती,
माझ्या देखत पान पान उघडली,
गेलं असेल ते, असं समजून.
वारा पडला.
मी पंप चालू केला.

दहाव्या दिवशी सगळं भाट
उकळून टाकलेल्या चहापत्तीसारखं.
फक्त शेवटच्या फेरीत एक हिरवी पट्टी,
हातभर रुंद, विहिरीपासून कुंपणापर्यंत.
चौथं नोझल उघडलं तर आत
माडाचं एक सुकं फूल, तांदळाएवढं.

सत्यवती टोपली घेऊन निघाली.
पट्टीत टाकळा कोवळा होता,
आणि टोपलीत पडला की त्याचा तायकिळो होतो.
मी म्हटलं, तिथला नको.
"तिथे पडलंच नाही म्हणालास ना?"
नाही पडलं.
"मग?"

ती माझ्याकडे बघत राहिली, जरा वेळाने
मेर ओलांडून कायतानच्या कुंपणाकडे गेली.
रात्री भाजीत खोबरं भरपूर होतं.
आम्ही दोघंही जास्त बोललो नाही.

पट्टी अजून तशीच आहे.
डब्यातही अर्धं उरलंय.