पोटहिस्सा

फुटाणा दाताखाली फुटला की
मोजणी शाखेतल्या बाकी तिन्ही खुर्च्यांना कळतं.
म्हणून मी तो आधी गालात धरते,
भिजू देते,
मग ओठ मिटून हळूच चावते,
डोळे नकाशावर,
जशी काही गट नंबर एकशे बाराची हद्दच
चघळत बसले आहे.

सिव्हिल लाइन्सची जुनी खोली. चार टेबलं, एक टेलिफोन,
कपाटावर कपाट.
माझ्या ड्रॉवरमध्ये डावीकडे
स्केल, खोडरबर, शाई आटलेला शिक्का;
उजवीकडे मुरमुऱ्यांचा डबा, गुळाचा खडा,
राजगिऱ्याच्या दोन वड्या.
मुंग्यांना सगळ्यात आधी कळलं.
मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं
तेव्हाच त्या रांगेने येऊन गेल्या.

"पोट रिकामं ठेवायचं नाही,"
हरकरे डॉक्टरीण म्हणाली, "दर दोन तासांनी थोडं."
शासनाच्या हिशेबात भूक
दीडला लागते, दोनला मिटते.
आणि त्या अर्ध्या तासात नेमका
निखाडेंचा डबा उघडतो :
कालचं सावजी, वर बोटभर तर्री.
मी व्हरांड्यात जाऊन उभी राहते,
कडुनिंबाखालच्या स्कूटर मोजत.

आवाज लपवता येतो.
संत्र्याचं काय करायचं?
परवा नखाने साल उचलली मात्र,
वास उठला तो येरपुडेंच्या चष्म्यापर्यंत,
तिथून दारात ताटकळलेल्या
काटोलच्या अर्जदारापर्यंत.
तो म्हणाला, "मृगाचं दिसते, बाई."
मी त्याला दोन फोडी दिल्या.
त्याचं काम नियमानेच झालं, हे सांगून ठेवते.

येरपुडे काही बोलले नाहीत.
ते बोलतच नाहीत.
उठले, आणि भर फेब्रुवारीत
कोरडा कूलर लावला.
खडखड. खडखड.
टट्ट्यांमधून गेल्या उन्हाळ्याची धूळ
सगळ्या फायलींवर.
रागाने लावला,
की मला चावता यावं म्हणून,
हे मी अजून विचारलेलं नाही.
पण त्या खडखडाटात
सतरा फुटाणे मी मोकळ्या तोंडाने फोडले.

फुलझेले मॅडमनी खुर्ची ओढली,
हात पुढे केला. "मलेही दे ना वो."
आणि चावता चावता :
"माह्या वेळी मी रेकॉर्ड रूममधी खायची.
नकाशाच्या गठ्ठ्यामागं, उभ्यानं,
पदर तोंडात कोंबून.
एक डाव ठसका लागला,
तर साहेब बाहेरून म्हणे,
उंदरं लई झाले आहेत इथं."
आम्ही दोघी हसलो.
मॅडम जरा आधीच थांबल्या.
मुठीतले फुटाणे तसेच राहिले.
मी पुढचं विचारलं नाही,
डबा तेवढा टेबलांच्या मधोमध सरकवला.

दुपारी एक फाईल आली.
दोन भाऊ, एक शेत, पोटहिस्सा करून मागतात.
नऊ वर्षं लिहितेय हा शब्द,
दिवसाला वीस वेळा.
आज हिस्स्याचा स लिहिता लिहिता
पेन अडलं.
एका गटाच्या आत दुसरा गट,
सध्या पेन्सिलीने, कच्चा.
पक्की हद्द जूनमध्ये.

अर्जाच्या पाठकोऱ्या बाजूला मी भरून पाहिलं :
खातेदार, मी.
पोटहिस्सा, एक.
आकार, अजून ठरायचा.
लगतधारक, तीन खुर्च्या.
हरकत?
तो रकाना कोरा ठेवला, कागद घडी करून
गुळाखाली सारला.

पावणेसहाला येरपुडे कूलर बंद करायला उठले.
एक फुटाणा गालात उरला होता.
पाती थांबेपर्यंत वाट पाहिली,
खोली अगदी शांत होऊ दिली,
आणि फोडला.