पंचनामा, साखर पेठ

माझं झेरॉक्सचं दुकान कोपऱ्यावर, म्हणून मी पंच.
दुसरा पंच कडक भाकरीवाला मल्लीनाथ,
त्याला सही येते, पण वाच म्हटलं की चष्मा घरी राहतो.

आम्ही पोचलो तेव्हा अंबादास गुर्रम
फरशीवर बसला होता.
पुढ्यात बॉबिनचं लाकडी खोकं,
खोक्यात चिन्नम्मा,
मान आत, पाय आत,
जणू समन्स तिच्याच नावचं होतं.

वनरक्षक लोंढेबाई सांगत गेल्या, मी लिहीत गेलो.
तारा कासव, मादी, जिवंत, नग एक.
वजन?
काटा कुणी आणलाच नव्हता.
अंबादास म्हणाला, दोन किलो तीनशे दहा,
काल मेथी जास्त खाल्ली.
परवाना?
अकरा वर्षं झाली, बाई, तो म्हणाला.
हे उत्तर कुठल्या रकान्यात घालायचं कळेना.
मी ते सोडून दिलं.

दारात गर्दी. गर्दीत बाळनाथ.
माझी टोपली नेली तेव्हा, तो अंबादासला म्हणाला,
तू ह्याच दारात उभा होतास, चहा पीत.
खरं होतं. मीही होतो.
त्याच्या नागाचं तोंड शिवलेलं होतं,
दोरा मला दिसला होता,
तरी दर पंचमीला मी रुपया टाकला होता.
आता तो गड्ड्याच्या यात्रेत फुगे विकतो.
पुंगीवर चार पोरं वाढली, फुग्यांवर दोन शिकत नाहीत.
हेही कुठल्या रकान्यात नव्हतं.

कुठून आणलं?
अनंतपूरच्या टेम्पोतून. तीन घेतली होती.
दोन महिन्याभरात गेली. हे त्यानं न विचारता सांगितलं.
पोत्यात एकूण किती होती?
मोजली नाहीत, तो म्हणाला.
पोतं हलत होतं.
मग बराच वेळ कुणीच काही विचारलं नाही.

जप्त मुद्देमाल: खोकं एक, पाण्याची परात एक,
वही एक, दोनशे पानी.
वहीत रोजचं वजन, रोजचा पाला,
अंडी कुठल्या तिथीला, वाळूत किती बोटं खोल,
एप्रिलच्या चव्वेचाळीस अंशात ती कुठे सरकते,
सगळं तेलुगूत, आकडे मराठीत.
मधेच चौकटीच्या कागदावर तिची पाठ:
काळ्यावर पिवळे किरण, घर मोजून घर.
अंबादास जॅकार्डची पुठ्ठी पाडायचा.
ह्या नक्षीची चादर त्यानं मालकाला दाखवली होती.
मालक म्हणाला, मोर काढ. मोर खपतो.

लोंढेबाई वही चाळत उभ्याच राहिल्या.
मी विचारलं, हिला माळावर सोडणार ना?
म्हणाल्या, कुठल्या?
नान्नजचा माळ हिचा नाही,
हिचा कुठला ते त्या टेम्पोवाल्यालाच माहीत.
चुकीच्या माळावर सोडली
तर तिथल्यांना हिचा आजार लागायचा.
आता पिंजराच, फक्त सरकारी.

सही केली. मल्लीनाथनंही केली, न वाचता.

चौथ्या दिवशी बाई दुकानात आल्या,
वर्दीत नव्हत्या.
ती खात नाही, म्हणाल्या. वहीची झेरॉक्स हवी,
आणि तेलुगू वाचणारा कुणीतरी.
मी समोरच्या घराकडे बोट केलं.
त्या म्हणाल्या, आरोपीकडे मी कशी जाऊ?

दोनशे पानं काढली. पैसे त्यांनी स्वतःचे दिले.
मग मीच एकेक पान घेऊन रस्ता ओलांडला,
तो वाचायचा, मी मराठीत उतरवायचो,
मेथी धुवायची नाही, जास्वंद उन्हात कोमेजू द्यायची,
बोटानं परातीच्या कडेवर दोनदा वाजवायचं.

दोनदाच का?
तिसऱ्यांदा वाजवलं तर ती समजते, कुणी परकं आहे.

हे मी लिहिलं. खाली सही केली,
सवयीनं,
पंच क्रमांक एक.