वाटीतलं पाणी

तीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात हळद पारखली.
हळकुंड मोडून, नाकाशी धरून सांगायचो ओल किती.
आणि घरातल्या घरात हरलो.

फिनेल झालं, डांबरगोळ्या झाल्या.
शेजारच्या उपाध्येबाईंनी सोडा-लिंबू सांगितलं,
एक दिवस बाथरूमला सरबताचा वास,
दुसऱ्या दिवशी पुन्हा
नाक मुरडून उभं राहिलेलं घर.

मग मिरजेहून शिकलगार आला.
कमोडच्या कडेचं सिमेंट नखानं खरवडलं,
बेसिनखालचा पाईप हुंगला. "हितं नाय."
कोपऱ्यातली जाळी उचलून बॅटरी मारली.
"काका, वाटी कोरडी ठाक.
हितं पाणी थांबतंय, तेच झाकण.
ते आटलं की गटार सरळ वर येतंय.
ही न्हाणी कोण वापरत नाय?"

आठ महिने झाले, म्हणालो. पुण्याला गेलीय, नातवापाशी.
मी बाहेरची वापरतो.

वाटीखाली केसांचा गुंता निघाला,
मेंदीच्या रंगाचा.
त्यानं तो काडीनं उचलला,
एकदा माझ्याकडं बघितलं,
आणि कागदात गुंडाळून कट्ट्यावर ठेवला.
"आठवड्यातनं एक तांब्या ओता. बास."

रात्री फोनवर ती म्हणाली,
"मी होते तेव्हा कधी आला नव्हता वास."
कसा येईल.

आता दर सोमवारी तांब्याभर.
आधी गुळगुळ, मग जाळी गप्प.
"म्हणजे ठीक चाललंय तुमचं," ती.
गटाराचं ठीक आहे, म्हणालो.

पुडी अजून कट्ट्यावरच आहे.