दिवसाला एक मिलिमीटर

शून्य पूर्णांक सहा ग्रॅमचा तंतू
मी जाळीखालून वर टेकवते.
एकतीस नंबरचा उंदीर मागचा पाय झटकतो,
चाटतो, माझ्याकडे बघतसुद्धा नाही.
मी वहीत लिहिते : झटकला.
दुखलं, असं लिहायची परवानगी नाही.

बाहेर मे. अमरावती रोडचं डांबर चपलेला धरतं.
प्राणिगृहात मात्र बावीस अंश,
जनरेटर आधी उंदरांचा, मग आमचा.

घरी बाबा डावा हात ओल्या धडप्यावर ठेवून
कूलरकडे पाठ करून बसतात.
वारा लागला तरी भाजतं.
नऊ वर्षांपूर्वी पावरलूमच्या पट्ट्यानं
कोपराखाली धरलं होतं.
मेयोत टाके पडले, हाड जुळलं, कातडी जुळली,
तीन बोटं तेवढी परत आली नाहीत.
सुई टोचली तर कळत नाही,
आणि रात्री दोनला तीच बोटं
चुलीत धरल्यासारखी पेटतात.
"बधिर हाये म्हनता, मंग जळते कोन?"
डॉक्टरनं गोळी वाढवली.
ती घेतली की बाबा शेजाऱ्यांना
त्यांच्या मेलेल्या भावांच्या नावानं हाका मारतात.

दहापैकी किती, मी विचारते.
ते दहात मोजत नाहीत.
"चवदा आने." कधी "साडेपंधरा."
सोळा एकदाच म्हणाले, आई गेली त्या आठवड्यात,
तेव्हा हात पदराआड लपवावा तसा
सदऱ्यात होता.

माझं संयुग एकशे बारावं.
आधीची एकशे अकरा फ्रीजमध्ये :
कुणी विरघळलं नाही, कुणी यकृत पोखरलं,
एकानं दुखणं थांबवलं, उंदरासकट.
कुठल्या कुपीत औषध, कुठल्या कुपीत मिठाचं पाणी
ते वासंतिका हेडाऊला ठाऊक.
डबा खाताना ती माझ्या डोळ्यांत बघत नाही.

परवा एक तंतू मी पर्समधून घरी आणला.
हे कुठल्याही नियमात बसत नाही.
बाबांनी तो उजव्या अंगठ्या-तर्जनीत धरला,
पीळ शोधला.
"नायलॉन हाये. गाठ धरत नाई हे.
उंदीर काय म्हनते?"
काहीच नाही. पाय उचलतो.
"मंग खरं बोलते."

मी सांगितलं, तुटलेली नस वाढते,
दिवसाला एक मिलिमीटर, वाट सापडली तर.
नाही सापडली की टोकाशी गुंता होतो
आणि तो गुंता विनाकारण ओरडत राहतो.
बाबा खूप वेळ हसले.
"एक मिलिमीटर! असा कारागीर
गोळीबार चौकात एक दिस टिकला नसता."
मग कोपरापासून वितीनं मोजलं.
"चारशे दिस. अन् झाले नऊ वर्सं.
जोडताना घाई केली असन कोनी."
माझ्या प्रबंधात यावर चाळीस पानं आहेत.

मारबतीमागे सगळी गल्ली ओरडते,
दुखणं-खुपणं घेऊन जाय गे मारबत.
मागच्या पोळ्याला बाबांनी नुसते ओठ मिटले.
का, विचारलं, तर म्हणाले,
"तिले काय समजते? हातच नेईन.
आग ने, अन् सुताचा मऊपना राहू दे,
हे ओरडून सांगता येत नाई."
एवढंच तर मागतोय आम्ही रेणूकडे,
अनुदानाच्या अर्जात फक्त लांब लिहितो.

आज एकतीस नंबरनं चार ग्रॅमला पाय हलवला नाही.
मी पुन्हा टेकवला. नाही.
बत्तीसनं झटकला. तेहतीसनं झटकला.
कुपी कुठली होती, माहीत नाही.
पेन्सिलीला टोक नव्हतं, ते करायला वेळ लावला.

घरी आले तर बाबा दारात,
उघडा हात संध्याकाळच्या वाऱ्यात.
"आज बारा आने," म्हणाले.
गोळी घेतली?
"नाई."
मी चप्पल काढत राहिले.
मिठाचं पाणीही
असं करतं कधीकधी.