पिन सतरा

पिन सतरा म्हणजे एक तरंगता गोळा.
पाणी चढलं की गोळा उचलला जातो
आणि झोपलेल्या बोर्डाला हाक जाते: ऊठ.
एवढंच काम.
नदीपात्रातल्या खांबाला बांधलेली आमची पेटी
नऊ मिनिटं झोपते, अर्धा मिनिट जागते,
बॅटरी वर्षभर पुरावी म्हणून.

सोमवारी धरणातून पाणी सोडलं
आणि पेटी झोपूनच राहिली.

मग कर्वेनगरची गच्ची, बादली, मग आणि फिरदोस.
ती पाणी ओतते, मी लॉग वाचते.
शंभर वेळा उठला. एकशेएकाव्यांदाही उठला.
रात्री दोनला सापडली फट:
झोपायला निघालेला बोर्ड
एकेक इंटरप्टचं दार ओढून घेत आलेला,
सतराचंही ओढलं,
आणि त्याच्या हातात घंटा द्यायच्या आत
गोळा उचलला गेला.
हाक आली, दारावर आपटली,
कुणी लिहूनसुद्धा ठेवली नाही.
गोळा मग रात्रभर वरच होता.
पण आम्ही कान दिला होता चढतानाच्या धक्क्याला,
चढून राहिलेल्या पाण्याला नाही.

पेटी सोडवायला गेलो तिथे यल्लूबाईंची कणसांची गाडी.
"पेटी झोपली व्हय? मी बी झोपले हुते."
गाडीखालीच. टेम्पो गेले, कुत्री भांडली,
लेकाचा फोन तीनदा वाजला,
त्यांना पत्ता नाही.
"आंगठा तेवढा भायेर ठिवते, नदीच्या अंगाला."
मी विचारलं, आणि नेमकं पाणी लागताना
तुम्ही कूस बदलत असलात तर?
बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं कोवळं कणीस सोलून परत ठेवावं.
"पानी काय शिवून पळून जातंय व्हय?
आंगठा वल्लाच ऱ्हातोय की."

बदल चार ओळींचा निघाला.
आधी घंटा, मग दार.
आणि डोळा मिटण्याआधी
एकदा हात लावून बघायचं: गोळा वर आहे का?
असेल तर झोपायचंच नाही.

पहाटे लॉगमध्ये आलं:
झोप रद्द. कारण, पिन सतरा.
फिरदोस म्हणाली, उरलेलं पाणी कुंड्यांना घाल.

घरी आले. फोन बंद केला.
एक पाय चादरीबाहेर काढून पाहिला.
गार लागलं.
आत घेतला.