नाकासमोर

लग्नाआधीच सासूनं सांगितलं होतं,
माझा नोदार नाकासमोर चालणारा आहे.

एकतीस वर्षं त्यानं झेस्टाफोनी ते तिबिलिसी मिनीबस चालवली,
रिकोतीचा घाट त्याला झोपेतही पाठ.
मग एका शरदात उजवा आरसा गेला
दुधाच्या ट्रकला घासून.
महिन्याभरानं डावा.
सरकारनं रस्ते अरुंद केलेत, तो म्हणाला.

सुरामीला मनुक्यांचा गोड पाव विकणाऱ्या बायका
पांढऱ्या झग्यात, रस्त्याच्या कडेला, हात हलवतात.
तो हॉर्न वाजवून उत्तर द्यायचा.
मग हॉर्न बंद झाला.
त्सियुरीनं फोन केला मला:
तुझा नवरा मोठा माणूस झाला वाटतं.

पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवलं त्याला,
ठिपका दिसला की बटण दाब.
मध्ये दाबलं, मध्ये दाबलं,
कडांना बोट हललंच नाही.
कागदावर दोन्ही बाजू काळ्या उमटल्या,
टांग्याच्या घोड्याची झापडं जशी.

डॉक्टर मैया खुत्सिश्विली. वय माझ्या धाकट्या बहिणीएवढं,
नखं अगदी मुळापासून कातरलेली.
औषधाच्या पावतीमागे तिनं चित्र काढलं:
हे नाक. ही नाकामागची पोकळी.
तिच्या मागे हाडाची खोलगट बैठक,
तिला तुर्की खोगीर म्हणतात.
नोदार म्हणाला, शेकडो वर्षं लढलो त्यांच्याशी,
आणि खोगीर माझ्याच डोक्यात विसरून गेले?
ती हसली. मी नाही.
खोगिरात वाटाण्याएवढी ग्रंथी,
तीतून वाढलेली गाठ, अक्रोडाएवढी,
डोळ्यांच्या नसा जिथे फुलीत ओलांडतात
तिथे खालून रेटणारी.

कवटी उघडायची नाही.
नाकपुड्यांतून दुर्बीण, नाकपुड्यांतून हत्यारं,
गाठ खरवडून काढायची,
मांडीतली चिमूटभर चरबी मागे बूच म्हणून.
मी विचारलं, केस कापावे लागतील?
एकही नाही.
का कोण जाणे, त्यावरच मला रडू फुटलं.

सव्वातीन तास.
बाहेरच्या बाकावर कोणाच्या तरी पिशवीतून
कोथिंबिरीचा वास येत होता.

नंतर नियम. नाक शिंकरायचं नाही.
शिंक आलीच तर तोंड उघडं.
वाकायचं नाही, बुटाची नाडी बायको बांधेल.
नाकातून पाणी गळलं तर लगेच सांगा,
ती सर्दी नसेल.
नर्स पाण्याचा पेला मोजायची, लघवी मोजायची,
मध्येच त्याला इतकी तहान लागायची
की फुलदाणीकडे बघायचा.

घरी शेजारी आले, वाईन घेऊन.
टाके दाखव, गुराम म्हणाला.
चेहऱ्यावर टाका नाही, व्रण नाही,
आणि मांडी दाखवायला नोदार तयार नाही.
मग पैसे कसले घेतले, गुराम म्हणाला, आणि दुसरा पेला भरला.

एक गोष्ट मी डॉक्टरला सांगितली नाही.
त्या दोन वर्षांत मी नेहमी त्याच्या उजवीकडे बसायचे,
गाडीत, जेवताना,
आणि त्या काळ्या पट्टीत मला एक खोली मिळाली होती.
तिथे मी त्याला वेडावून दाखवलं.
तिथे डोळे पुसले, आवाज न करता,
तिथे लाशाचा पोलंडहून आलेला मेसेज पुन्हा पुन्हा वाचला,
जो मी मोठ्यानं कधी वाचला नाही:
आई, मी परत येणार नाही, बाबांना तू सांग.

तिसऱ्या आठवड्यात, सूप पिताना,
मान न वळवता त्यानं विचारलं,
काय वाचतेस?

मी फोन पालथा ठेवला.
मीठ हवंय का, म्हटलं, तुझ्या डावीकडे आहे.

दिसतंय, तो म्हणाला,
आणि हात तसाच टेबलावर राहू दिला.