आठ ठिपक्यांचं अक्षर

गणपत गल्लीत, वरच्या मजल्यावर
मी अक्षरं जुळवते. एकोणीस वर्षं झाली.
पाट्या, पावत्या, बारशाची कार्डं.
वर कन्नड, खाली मराठी,
आणि खालची ओळ दर खेपेला थोडी बारीक.

आज फुलपात्रातला थेंब उडाला पडद्यावर,
नेमका पांढऱ्या जागेवर,
आणि पांढरं उसवलं.
तांबडी, हिरवी, निळी, उभ्या काड्या,
शहापूरच्या मागावरचा ताणा जणू,
एकीला दुसरीचा स्पर्श नाही.
पांढरं तिथं नव्हतंच कुठं.
पदरानं थेंब टिपला. झालं परत पांढरं.

शिरोरेषेचं बरं असतं.
ठिपक्यांच्या एकाच ओळीत आडवी, पाय पसरून.
काना उभा राहिला की मात्र
डावीकडे तांबूस, उजवीकडे निळसर
काठ सुटतो त्याला,
नाक लावून बसणारीलाच दिसेल असा.
कन्नडचं वळण तर पायऱ्यापायऱ्यांनी उतरतं.
शेजारचा इराण्णा त्या पायऱ्यांना करडा रंग लावतो,
म्हणतो, "नोड्री, ईग दुंडगात."
गोल कुठलं रे, मी म्हणते,
कडा मळवलीस नुसती.
पण खुर्ची हातभर मागं ओढली
तर गोल.

मच्छ्याचा मोनाप्पा आला गिरणीची पाटी बघायला.
अख्खी पाटी पडद्यावर मावेल एवढी केली
तर मराठीच्या वाट्याला उंची आठ ठिपके.
त्यात 'ज्योतिर्लिंग' बसवायचं.
रफार, वेलांटी, वरचा अनुस्वार,
तिघांत मिळून दोन ठिपके.
"पुसट आलंय की बाई," मोनाप्पा म्हणाला.
मी म्हटलं, छापल्यावर येईल नीट.
तो म्हणाला, "तसं नव्हे,"
आणि पुढं काहीच बोलला नाही.

चष्म्याचा नंबर काढताना
डॉक्टर कित्तूर म्हणाल्या होत्या:
हात लांब करा, अंगठा धरा,
स्वच्छ दिसतं ते त्या नखाएवढंच.
बाकी सगळं अंधुक,
डोळा उड्या मारत भरून काढतो.
आतले ठिपकेही ओळीत नसतात त्याचे,
फेकलेल्या शाळूसारखे, कुठं दाट, कुठं विरळ,
आणि अगदी मधोमध
निळ्याला जागाच नाही.
मी विचारलं, मग आकाश?
त्या हसल्या, भिंग बदललं.

परवा खानापूरच्या बसमधून दिसली पाटी,
गिरणीवर, ऊन अंगावर घेऊन.
वरची ओळ आरपार स्वच्छ.
मी खिडकीतून हात लांब केला, अंगठा धरला.
खालची ओळ अख्खी नखामागं गेली.
"इळीतीरेन्री?" कंडक्टर ओरडला.
नाही, नाही, म्हणत हात आत घेतला.
तेवढ्यात नाव वाचलं,
रफार, वेलांटी, अनुस्वारासकट.

वाचलं, की माहीतच होतं,
ते काही सांगता येत नाही.